दृष्टी कमी झालेल्या वडिलांसाठी सेन्सरवाला चष्मा घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा: बाबा ५८ वर्षांचे. काचबिंदूमुळे नजर अरुंद होत गेली आहे. घर मुलुंडला, नोकरी फोर्टात, निवृत्तीला दोन वर्षं बाकी. गेल्या महिन्यात फलाटावरच्या हातगाडीला अडकून पडले, मनगट दुखावलं. मुलं मिळून ४० हजारांपर्यंतचा, समोरचा अडथळा बोलून सांगणारा कॅमेऱ्याचा चष्मा घ्यायचा विचार करताहेत. पांढरी काठी घ्यायला बाबा तयार नाहीत. लेकीने विचारलंय, "कुठलं मॉडेल घेऊ?"

ताई, सरळ सांगतो. आत्ता कुठलंच घेऊ नका.

मी गेली बावीस वर्षं मुंबईत अंध आणि अल्पदृष्टी माणसांना एकट्याने फिरायला शिकवतो. आमच्यात त्याला नुसतं 'मोबिलिटी' म्हणतात. या काळात लोकांच्या कपाटात धूळ खात पडलेली यंत्रं मी भरपूर पाहिली: कंबरेचा पट्टा, बुटात बसवायचं सेन्सर, थरथरणारी टोपी, आणि हो, चष्मेही. बहुतेक यंत्रं चांगली चालत होती. फक्त ती एका प्रश्नाचं उत्तर द्यायची आणि वापरणाऱ्याची अडचण असायची भलतीच. चालणाऱ्या माणसाला चार गोष्टी कळाव्या लागतात: पायाखाली काय आहे, तोंडासमोर काय आहे, मी आत्ता कुठे आहे, आणि समोर लिहिलंय काय. या चारही कामांना एकच वस्तू पुरेल असं कोणी दुकानात सांगितलं तर चहा पिऊन परत या.

आता बाबांचं. काचबिंदूत सहसा कडेची नजर आधी जाते आणि मधली बराच काळ टिकते. पोकळ नळीतून बघितल्यासारखं. म्हणून ते सकाळी पेपर वाचतात आणि तासाभराने गुडघ्याएवढी हातगाडी त्यांना दिसत नाही. घरच्यांना हे कोडं वाटतं. डब्यातल्या लोकांना तर ढोंगच वाटतं. माझ्या एका विद्यार्थ्याची हीच तऱ्हा. दिव्यांग डब्यात मांडीवर घडीची काठी ठेवून तो मोबाईलवर मेसेज वाचत बसला होता, तर समोरच्याने त्याला अख्ख्या डब्यादेखत झापलं. तेव्हा बाबा काठीला नाही म्हणतात त्यात फक्त हट्ट नाही. ते स्वतःला आंधळे समजत नाहीत, आणि त्यांचं म्हणणं अर्धं खरंच आहे.

पण त्यांची जी नजर गेली आहे, नेमकी तीच काठी भरून काढते. पायाजवळची, डावी-उजवीकडची. हे त्यांना असंच सांगून बघा: काठी आंधळ्याची म्हणून घ्यायची नाही, कडेची नजर म्हणून घ्यायची.

पांढऱ्या काठीची गोष्ट बाबांना आवडेल असं वाटतं. १९२१ च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये जेम्स बिग्ज नावाच्या, अपघातात दृष्टी गेलेल्या छायाचित्रकाराने गाड्यांना दिसावी म्हणून आपली काठी पांढरी रंगवली. म्हणजे आधी ती दुसऱ्यांना दिसण्यासाठी होती. पुढे दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांना शिकवताना अमेरिकेत रिचर्ड हूव्हर यांनी ती लांब आणि हलकी केली आणि पुढे झुलवत चालायची रीत बसवली. तेव्हापासून काठी शोध घेण्याचं साधन झाली. आजोबांच्या आधाराच्या काठीचा आणि हिचा काही संबंध नाही. टेकायची नसते ही.

रीत अशी. मूठ बेंबीसमोर, मनगट सैल. डावा पाय पुढे पडताना काठीचं टोक उजवीकडे टेकायचं, उजवा पडताना डावीकडे. म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा टोकाने आधीच चाचपलेली असते. झोका खांद्यांच्या रुंदीपेक्षा जेमतेम जास्त. वाचायला सोपं आहे, पण हातापायाचा ताल जुळायला लोकांना आठवडे लागतात. एकदा जुळला की टोक बोलायला लागतं. पेव्हर ब्लॉकवर ते खडखडतं, गटाराच्या काँक्रीटच्या झाकणावर पोकळ वाजतं, लोखंडी जाळीवर घसरून किरकिरतं. फुटपाथ संपला की टोक एकदम खाली जातं आणि ते मनगटाला आधी कळतं, डोक्याला मग. असं काही सांगणारं कुठलंही यंत्र मी अजून पाहिलेलं नाही, आणि घडीची चांगली काठी काही शे रुपयांत मिळते.

काठी कमी पडते ती कंबरेच्या वर. मुंबईत कंबरेच्या वर काय काय असतं ते तुम्हाला सांगायला नको: टेम्पोचा पाडलेला फाळका, अर्ध्यावर ओढलेलं शटर, फुटपाथवर उतरलेला एसीचा डबा, गणपतीच्या मांडवाचे आडवे बांबू. काठी त्यांच्याखालून बिनबोभाट जाते आणि कपाळ जाऊन आदळतं. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना कपाळावरच्या खुणांवरून ओळखता येईल.

सेन्सरचं काम इथे सुरू होतं. आयआयटी दिल्लीतल्या प्रा. एम. बालकृष्णन यांच्या गटाने तयार केलेली 'स्मार्टकेन' २०१४ मध्ये बाजारात आली. नेहमीच्याच काठीच्या मुठीवर ती बसते. त्यातून कानाला न ऐकू येणारा ध्वनी पुढे जातो, अडथळ्यावर आपटून परत येतो, आणि किती वेळात परत आला त्यावरून अंतर काढलं जातं. वटवाघळाचीच युक्ती. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे तीन मीटरवरच्या फाळक्याला भेटून यायला सेकंदाचा पन्नासावा हिस्साही लागत नाही. मूठ थरथरते आणि अडथळा जसा जवळ येतो तशी थरथर बदलते. घराबाहेर तीन मीटरपर्यंत आणि घरात त्याहून कमी, असे दोन पल्ले त्यात ठेवलेले आहेत. आवाज करत नाही, कान मोकळे राहतात, आणि किंमत चष्म्याच्या मानाने किरकोळ. यासाठी मला ती आवडते.

तिच्या मर्यादाही ऐका, कारण त्या जवळजवळ सगळ्या अल्ट्रासोनिक वस्तूंना लागू आहेत. ध्वनी पुढे आणि वर जातो, त्यामुळे खड्डा कळत नाही. खड्डा टोकानेच कळणार. तिरक्या काचेवरून ध्वनी भलतीकडे परततो, जाड पडदा तो गिळून टाकतो. आणि गर्दी! सकाळी नऊला दादरच्या पुलावर ही मूठ हातात घ्या, अखंड थरथरत राहील. तिचं म्हणणं खरंच असतं, अडथळे चहूबाजूंनी असतातच, पण त्या माहितीचं करायचं काय? आम्ही स्टेशनात शिरताना सेन्सर बंद करायला शिकवतो. बाबांना तो उपयोगी पडेल मुलुंडच्या गल्लीत संध्याकाळी घरी येताना, आणि फोर्टात जिथे फुटपाथवर दुकानांचे बाक आणि पाट्या पुढे आलेल्या असतात तिथे.

तुमच्या चष्म्याकडे येतो. कॅमेऱ्याचे बोलणारे चष्मे साधारण असे चालतात: चित्र घ्यायचं, ते फोनमध्ये किंवा इंटरनेटवरून दूरच्या संगणकात तपासायचं आणि उत्तर कानात बोलायचं. वाचायला हे झकास आहे. औषधाची पट्टी, लिफ्टशेजारची पाटी, बँकेचा फॉर्म, हॉटेलातलं मेनूकार्ड. पण चालताना हिशेब असा: बाबा सेकंदाला एक मीटर चालतात असं धरा. उत्तर यायला तीन सेकंद लागले, तर 'समोर हातगाडी आहे' हे कानात पडेपर्यंत ते हातगाडीवर असतील. मुलुंड स्टेशनच्या गर्दीत फोनचं नेट किती पळतं तेही तुम्ही जाणताच.

दुसरं, ही यंत्रं चुकतात तेव्हाही तितक्याच ठामपणे बोलतात. मी एका अ‍ॅपला मुद्दाम चौकाचा फोटो दाखवला होता. त्याने छान वर्णन केलं, झाडं सांगितली, दुकानाचं नाव वाचलं, आणि रस्ता मोकळा आहे म्हणालं. डावीकडून रिक्षा येत होती, ती फोटोच्या चौकटीत नव्हती इतकंच. रस्ता ओलांडायचा निर्णय कॅमेऱ्यावर सोडायचा नाही. हा नियम आमच्याकडे पहिल्या दिवशी सांगतात आणि शेवटच्या दिवशी पुन्हा.

शिवाय वाचायचं हे काम त्यांचा फोन आजही फुकट करेल. मायक्रोसॉफ्टचं वाचून दाखवणारं 'सीईंग एआय' आयफोनवर २०१७ पासून आहे, अँड्रॉइडवर २०२३ च्या अखेरीस आलं. अँड्रॉइडला गूगलचं 'लुकआउट' आहे. डेन्मार्कमधून २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'बी माय आईज'वर व्हिडिओ कॉलने एखादा डोळस स्वयंसेवक तुमच्या कॅमेऱ्यातून बघून सांगतो, आणि आता तिथे फोटोचं वर्णन करणारा एआयही आहे. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं 'मनी' अ‍ॅप आहे, २०२० चं. सहा महिने ही वापरू द्या. त्यानंतरही बाबा म्हणाले की फोन धरायला हात मोकळा राहत नाही, तर चष्म्याचा विचार करा. तोवर चष्मे स्वस्त झालेले असतील. आधी मात्र फोनवर टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं बोलून सांगणारी सोय, नीट शिकावं लागेल, नजर अजून आहे तोवरच. मोठी अक्षरं करून भागवत राहणारे लोक हे पुढे ढकलतात आणि नंतर दोन्ही ओझी एकदम डोक्यावर येतात.

"मी कुठे आहे" याचं उत्तर जीपीएस देतं, निदान सगळ्यांना तसं वाटतं. मोकळ्या आकाशाखाली साधा फोन पाचेक मीटरच्या आत जागा सांगतो. उंच इमारतींमध्ये उपग्रहाचे संदेश भिंतींवर आपटून येतात आणि चूक कितीतरी वाढते. डोळस माणसाला त्याने फरक पडत नाही, तो मान वर करून दुकान शोधतो. पण न दिसणाऱ्याला 'तुम्ही पोहोचलात' असं ऐकू येतं तेव्हा तो रस्त्याच्या या बाजूला आहे की त्या, हेच फोनला ठाऊक नसतं. नकाशा तुम्हाला दारापासून दहा मीटरवर आणून सोडतो आणि ते दहा मीटर काठीने, कानाने आणि लोकांना विचारून पार करायचे असतात. माझ्या शिकवणीचा निम्मा वेळ त्या दहा मीटरांवर जातो.

एका गोष्टीचं मला मनापासून कौतुक आहे. मायक्रोसॉफ्टचं 'साउंडस्केप' २०१८ मध्ये आलं होतं. 'दोनशे मीटरवर उजवीकडे वळा' असं न सांगता ते कानात एक नाद वाजवायचं, आणि तो जायच्या ठिकाणाच्या दिशेनेच येतोय असा भास व्हायचा. देवळातली घंटा ऐकत देवळाकडे जावं तसं. रस्ता तुम्ही ठरवायचा, दिशा ते धरून ठेवणार. २०२३ च्या सुरुवातीला कंपनीने ते बंद केलं, पण प्रोग्राम सगळ्यांना खुला केला आणि त्यातून नवी अ‍ॅप्स निघाली. ती ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावर चालतात. आपल्या गल्लीतलं दुकान त्या नकाशात नसेल तर ते तुम्ही स्वतः टाकू शकता. लेक म्हणून चष्म्यापेक्षा हे काम करा. घर ते स्टेशन वाटेतला दवाखाना, रिक्षा स्टँड, जिन्याची सुरुवात, सगळं एका रविवारी भरून होईल.

यासाठी हेडफोन लागेल, आणि इथे घोळ होतो. कान बंद करणारे, बाहेरचा आवाज दाबणारे हेडफोन अजिबात नकोत. कानाबाहेर हाडावर बसणारे मिळतात, ते घ्या. कान म्हणजे आमच्याकडे दुसरी काठी. उभ्या बसशेजारून चालताना रस्त्याचा आवाज एकदम दबतो, बस संपली की पुन्हा उघडतो. आम्ही त्याला आवाजाची सावली म्हणतो. गल्लीचं तोंड आलं की गालाला वारा लागतो आणि आवाज लांबवर पसरतो. हे सगळं शिकता येतं. नाकही शिकतं. पार्ल्याला बिस्किटांच्या कारखान्याच्या वासावर उतरणारे माझे काही विद्यार्थी होते. २०१६ मध्ये तो कारखाना बंद झाला आणि त्यांची एक खूण पुसली गेली. आता विजेवरच्या बस वाढल्या आहेत, त्या हळू असताना जवळजवळ ऐकूच येत नाहीत. धूर गेला हे चांगलंच झालं, पण आमच्या लोकांच्या कानातून एक अख्खी बस गायब झाली. थांब्यावर "कितीची आली?" हे विचारणं काही सुटत नाही. आयआयटी दिल्लीच्याच गटाने 'ऑनबोर्ड' नावाचं साधन केलं होतं. हातातलं बटण दाबलं की समोरच्या बसवरच्या स्पीकरने आपला क्रमांक बोलायचा आणि दाराजवळून नाद द्यायचा. बेस्टच्या काही बसवर त्याची चाचणी झाली होती. प्रत्येक बसला ते लागलं असतं तर मी आज वेगळं उत्तर लिहीत असतो.

लोकलचं बाबांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, इतकी वर्षं केली आहे. फक्त दिव्यांग डब्याची जागा पायांनी मोजून घ्या. काही फलाटांवर त्या जागेशी टिक-टिक वाजणारा बीपर असतो, पण त्यावर भिस्त ठेवू नका. माझ्या रोजच्या एका स्टेशनवरचा कित्येक महिने मुका होता. बारा आणि पंधरा डब्यांच्या गाडीत ही जागा एकच असेल असं नाही, म्हणून घोषणा पूर्ण ऐकायची. फलाटाच्या कडेला ठिपक्यांच्या पिवळ्या टाइल्स असतात. जपानमध्ये सेइची मियाके यांनी त्या शोधल्या, १९६७ मध्ये ओकायामात पहिल्यांदा बसवल्या. उभ्या पट्ट्या म्हणजे चाला, ठिपके म्हणजे थांबा. आपल्याकडे कुठे कुठे त्या नेमक्या खांबाला जाऊन भिडतात, ती वेगळीच कथा. बाबांना अजून मधलं दिसतं, तेव्हा पिवळा रंगही त्यांच्या कामाचा आहे. सरावाची सुरुवात हवी तर मेट्रोने करा. मेट्रो ३ ला फलाटाच्या कडेला काचेचे बंद दरवाजे आहेत, रुळावर पडायची भीतीच नाही.

मनातला नकाशाही जुना होतो. दादरला ९ डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेचे फलाट ८ ते १४ झाले, पश्चिमेचे १ ते ७ तसेच राहिले. माझी एक विद्यार्थिनी पंधरा वर्षं तिथे गाडी बदलत होती. तिची पावलं बरोबर फलाटावर जायची, पण घोषणेतला आकडा ऐकून ती जागच्या जागी थबकायची. आम्ही दोन दिवस फक्त आकडे पुन्हा बसवले.

पावसाळ्याचं एक सांगून टाकतो. छत्री नको, रेनकोट द्या. छत्रीने एक हात जातो आणि कापडावरच्या पावसाने कान जातात. ओल्या बोटांना फोन दाद देत नाही, तो प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवून आवाजाने चालवायचा. आणि पाणी साचलं की जिथे असाल तिथे थांबायचं. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात शहरातले एक नामवंत, डोळस डॉक्टर उघड्या मॅनहोलमधून वाहून गेले. पाण्याखालचं भोक ना सेन्सरला दिसतं ना कॅमेऱ्याला.

कागदपत्रांचं: यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर अर्ज करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टीही धरली आहे आणि बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. काचबिंदूत नजरेची रुंदी मोजलेला रिपोर्ट बरोबर न्या, नाहीतर तक्त्यावरची अक्षरं वाचली म्हणून परत पाठवतील. शिकवणीसाठी वरळीच्या नॅबमध्ये, म्हणजे १९५२ पासूनच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडमध्ये, चौकशी करा. फोन-संगणकाच्या साधनांसाठी झेवियर्स कॉलेजातलं, २००३ पासून चालणारं दृष्टिबाधितांचं केंद्र आहे. डोळ्यांचे थेंब चुकवू नका, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.

पैशांचं मी असं करेन. दोन घडीच्या काठ्या, कारण एक कधीतरी रिक्षाखाली जाणारच. लांबी उभं राहून छातीच्या मधल्या हाडाच्या टोकापर्यंत. बाबा लांब ढांगा टाकत असतील तर थोडी जास्त. तीन महिन्यांनी सेन्सरची मूठ. हाडावरचे हेडफोन. उरलेले पैसे बँकेत. पुढे चष्मा घ्यायचाच ठरला तर दुकानातल्या गालिच्यावर नाही, बाबांच्याच वाटेवर संध्याकाळी साडेसहाला लावून बघा, आणि विचारा: मराठीत बोलतो का, नेट नसताना काय काय चालतं, बिघडला तर मुंबईत दुरुस्त होतो का, पंधरा दिवसांत परत घेता का.

काठीला ते एकदम हो म्हणणार नाहीत. दिवसा बॅगेत, अंधार पडल्यावर हातात, इथून सुरू करा. बहुतेकांचं मन पहिल्या गर्दीच्या पुलावर बदलतं, समोरचे लोक आपसूक बाजूला होतात तेव्हा. तुम्ही बरोबर चालाल तेव्हा त्यांचा हात धरून ओढू नका, त्यांना तुमचं कोपर धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढे राहा. एकटे जायला लागले की पहिल्या दिवशी पाळत म्हणून हवं तर त्याच गाडीने, वेगळ्या डब्यातून जा. पण वाटेत फोन करू नका. रस्ता ऐकत चाललेल्या माणसाच्या कानात रिंग वाजली की तेवढा वेळ तो खरोखर आंधळा होतो. ऑफिसात पोहोचले की ते स्वतःच फोन करतील.